पऱ्यापलीकडची सतरंजी

हौसाकाकीला भेटायचं असेल तर पत्ता विचारायची गरज नाही. हातखंब्याहून आत वळलेली एसटी निवळेकोंडाच्या थांब्यावर थांबली की नुसता कान द्यायचा. कोंबड्यांना, नवऱ्याला, नाहीतर ग्रामपंचायतीच्या शिपायाला झापल्याचा आवाज कुठून तरी येईलच. त्या दिशेने चालू लागायचं. वय त्रेसष्ट, गुडघे दोन्ही दुखरे, जीभ मात्र ठणठणीत. मनाने चांगली आहे, असं तिच्याबद्दल सगळेच सांगतात, पण जरा लांब उभं राहून.

बावीस वर्षं ती जागृती महिला मंडळाची अध्यक्ष आहे. निवडणूक कधी झाली नाही, कारण तिच्यासमोर उभं राहणार कोण? मंडळात तेवीस बाया. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी बैठक, आणि ती आजवर एकदाही चुकलेली नाही. कोरोनातसुद्धा बाया घरापुढच्या खळ्यात लांब लांब बसून एकमेकींवर ओरडत बोलल्या. "आमची बैठक मोडत नाय," हे हौसाकाकी लग्नात, बारशात, बँकेच्या रांगेत, कुठेही सांगते.

बैठक कुणाकडे, हे सतरंजी ठरवते. निळ्या पट्ट्यांची ही सतरंजी मंडळाला रांगोळीच्या स्पर्धेत बक्षीस मिळाली होती. ती जिच्या घरी, तिच्याकडे बैठक आणि चहाही तिचाच. बैठक उठली की त्याच संध्याकाळी घरधनीण ती डोक्यावर घेऊन पुढच्या घरी पोचती करते. वाडीत एकवीस घरं, सगळी धनावडे, एकाच भावकीतली. सतरंजी वरच्या अंगाला हौसाकाकीच्या घरून निघते आणि घर घर करत खाली काशीच्या घरी येते. काशीच्या परसामागे पऱ्या आहे, लहानसा ओढा, आणि पऱ्यापलीकडे चढावर बौद्धवाडी. मंडळाच्या उरलेल्या दोघी, शालन आणि तिची सून दीप्ती, तिथे राहतात. पण काशीकडून सतरंजी वळायची आणि परत हौसाकाकीकडे जायची. शालन सभासद होऊन अकरा वर्षं झाली होती, आणि सतरंजीने पऱ्या ओलांडला नव्हता.

तसं कुणी ठरवलं नव्हतं. "तिकडं चढ हाय गो, माझे गुडघे," असं हौसाकाकी पहिल्या वर्षी म्हणाली आणि ते वाक्य सगळ्यांनी वाटून घेतलं. शालनचा नवरा भिवा पोस्टातून निवृत्त झाला तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने जांभ्याचे चिरे लावून पाखाडी बांधली. रुंद पायऱ्या, धरायला बांबूचा कठडा. चढ संपला, गुडघे मात्र दुखतच राहिले. तेच गुडघे दर उन्हाळ्यात बौद्धवाडीच्याही वर, कातळाच्या सड्यावर, करवंदं काढायला टोपली घेऊन जात. तेव्हा त्यांची तक्रार कुणी ऐकली नाही.

शालन अंगणवाडीत मदतनीस. सरकारी योजनेचा कागद आला की तो वाचून, सोपा करून सांगायचं काम तिचं. तिच्या सांगण्यावरून निम्म्या मंडळाचे अर्ज मंजूर झाले होते. सांगून झालं की चहा यायचा. सगळ्यांपुढे कपबशी आणि तिच्यापुढे उंच स्टीलचा पेला. चहा पिऊन ती उठायची, मोरीवर जाऊन पेला विसळून पालथा घालायची. हौसाकाकीकडे तो पेला फडताळाच्या वेगळ्या खणात असायचा. सासूने ठेवला होता, म्हणून तिथेच. काकीने त्याचा कधी विचार केला नाही, आणि ही काही तिच्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट नाही.

सभासद झाली त्याच आठवड्यात शालनने संगमेश्वरच्या बाजारातून चोवीस कपबशा आणल्या होत्या. आपली बारी येईल तेव्हा कमी पडायला नकोत. त्या अजून वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या होत्या.

शालन गप्प राहिली, दीप्ती राहिली नाही. गेल्या दिवाळीत तिने मंडळाच्या व्हॉट्सअॅपवर सरळ लिहिलं, "आमच्याकडे सतरंजी कधी येणार?" दोघींनी हसणारी तोंडं टाकली. एकीने लिहिलं, "सतरंजीला पोहता येत नाही." मग गुलाबाची फुलं आणि शुभ सकाळ यांचा असा पूर आला की प्रश्न वर कुठे गेला ते दिसेना. आठवड्याभरात नम्रताने दुसरा गट काढला, एकवीसच जणींचा. नम्रता म्हणजे हौसाकाकीचा उजवा हात. शिवणकाम करते, फोनचं सगळं तीच बघते. सहल, साड्यांचा रंग, सगळं त्या नव्या गटात ठरू लागलं. "एक पुरत नव्हता काय मेला?" एवढं म्हणून हौसाकाकीने फोन उशाखाली सारला. तिला कळलं होतं. तिने विचारलं नाही.

आणि यंदा फेब्रुवारीत, बैठकीच्या तीनच दिवस आधी, हौसाकाकीचा दीर सदू साखरेची पुडी घेऊन वाडीभर फिरला. त्याच्या सुजयला नालासोपाऱ्यात मुलगा झाला होता. बारा वर्षांनी पाळणा हलला. वाडी आनंदाने नाचायची बाकी राहिली. साखर तोंडात विरघळेपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही, पण मग काशीच्या आलं. बाळ सगळ्या भावकीचं, म्हणजे दहा दिवस सोयर सगळ्या भावकीला.

मंडळाचा नियम असा की सोयर-सुतक असलेलं घर ओलांडून सतरंजी पुढच्या घरी जाते. सात वर्षांपूर्वी काशीने माहेरच्या सुतकात बैठकीचा चहा केला म्हणून हौसाकाकीनेच भांडून हा नियम रजिस्टरात लिहिला होता. खाली सही तिची. सगळ्या भावकीचं सोयर-सुतक मात्र त्यानंतर बैठकीच्या दिवशी कधी आलंच नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी बाया तिच्या खळ्यात जमल्या. काकी बोटांवर घरं मोजू लागली. काशी, ओलांड. स्वतःचं घर, ओलांड. बोटं संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. एकवीस घरं ओलांडून झाली तरी सतरंजीला टेकायला जागा मिळेना.

"या म्हैन्यात ऱ्हाऊ दे बैठक," नम्रता म्हणाली.

"बावीस वर्सांत मोडली नाय ती आता मोडू? एक घर ऱ्हायलाय अजून."

कोणतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. जी ती खळ्यातलं शेण बघू लागली. शेवटी नम्रताच मायेने म्हणाली, "पण काकी, तिकडं चढ हाय. तुमचे गुडघे."

ते वाक्य हौसाकाकीचं होतं. अकरा वर्षं ते तिने दुसऱ्यांना ऐकवलं. स्वतःच्या कानावर पहिल्यांदाच पडलं, आणि कानाला फार वाईट लागलं. आपण खोटं बोलत आलो हे तिला तिथेच, सगळ्यांसमोर, कळलं. तिला लाज वाटली. लाज वाटली की ही बाई गप्प होते, म्हणून बायांना वाटलं, तब्येत बिघडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीच्या ओटीवरची सतरंजी तिने डोक्यावर घेतली आणि पऱ्या ओलांडून पाखाडीला लागली. पायऱ्या बेचाळीस निघाल्या. गुडघ्यांनी एकदाही कुरकुर केली नाही, याचा तिला त्यांच्यावर रागच आला.

शालन अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. काकीने सतरंजी ओटीवर ठेवली आणि सोयराची सगळी हकीकत सांगितली. शालनने ऐकून घेतलं. सतरंजीला हात लावला नाही.

"म्हणजे दुसरीकडं कुठं जागा नाय म्हणून माझ्याकडं," ती म्हणाली. "सोयर फिटला की परत काशीकडून उडी मारणार ना ती? अशी नको मला, काकी. न्या तुमी."

अध्यक्षबाईंना असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. त्या उठून जातील असं दारात उभ्या दीप्तीला वाटलं. काकी उठली नाही.

"माझा चुकला, शालन," ती म्हणाली. "अकरा वर्सं चुकला. चढ नव्हता, मीच होते." मग पिशवीतून रजिस्टर काढून तिने दीप्तीपुढे धरलं. "लिही गो. काशीच्या मागून शालन, शालनच्या मागून हौसा. दर फेऱ्याला. मी सही करतंय."

दीप्तीने लिहिलं. काकीने सही केली. शालनने दोन्ही वाचलं, शांतपणे, योजनेचा कागद वाचते तसं, आणि मगच सतरंजी उचलून आत नेली.

त्या दिवशी काकी परतली ती थेट नम्रताच्या शिलाई मशीनसमोर. "तो दुसरा गट आत्ता मोड. माझ्यासमोर. आणि उद्या पयली पाखाडी तू चढायची." नम्रताने गट मोडला. एवढ्याने भागणार नाही हे तिचं तिलाही कळत होतं.

शुक्रवारी एकवीसच्या एकवीस बाया आल्या. काही मनापासून, काही हौसाकाकीच्या धाकाने, आणि दोघी नुसतं घर बघायला. भिवाने पायऱ्या धुऊन काढल्या होत्या. तो पायथ्याशी उभा राहून एकेकीला "सावकाश, सावकाश" म्हणत होता आणि त्याचं हसू काही केल्या तोंडात मावत नव्हतं. नम्रता पहिली चढली. दीप्तीसमोर उभी राहून म्हणाली, "ती पोहण्याची चेष्टा माझीच होती. फोन तेवढा दुसरीचा होता." दीप्ती म्हणाली, "ठाऊक हाय. बसा, चहा ठेवलाय."

योजनांचं बोलणं झालं, सुजयच्या बाळाचं नाव काय ठेवावं यावर त्याहून जास्त झालं. मग कपबशा आल्या. गुलाबी काठाच्या, कोऱ्या, एकसारख्या, सगळ्यांना. कोपऱ्यात त्यांच्यावरच्या कागदांचा ढीग पडला होता. काकीने सहज एक कागद उचलून सरळ केला आणि वरची तारीख वाचली. अकरा वर्षांपूर्वीची. तिने तो घडी करून पिशवीत ठेवला आणि चहा प्यायली. आल्याचा, गोड, तिच्या स्वतःच्या चहापेक्षा चांगला. हे तिने मोठ्याने कबूल केलं, आणि बाया हसल्या.

चहा संपल्यावर ती गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि आपली कपबशी घेऊन मोरीकडे निघाली. तिला उठलेली बघून बाकीच्याही उठल्या. शालन आडवी आली आणि तिने काकीच्या हातातली कपबशी काढून घेतली.

"ठेवा, काकी. आमच्याकडं पाव्हण्याला भांडी धुवायला लावत नायत."

ती साधेपणानेच बोलली. पण एकवीस जणींपैकी एकीलाही वर बघता येईना. हौसाकाकीच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पुसलं नाही.

संध्याकाळी शालन सतरंजी डोक्यावर घेऊन बेचाळीस पायऱ्या उतरली, पऱ्या ओलांडला आणि सगळ्या वाडीच्या मधून चालत हौसाकाकीच्या घरी गेली. मागे बाया होत्या, गलका करत.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी बैठक हौसाकाकीकडे झाली. कपबशा तेवीस. तो उंच पेला हल्ली तिच्या तांदळाच्या डब्यात असतो, मापाला.