रडण्याचा व्हिडिओ

एका रडणाऱ्या बाळाचा व्हिडिओ अजूनही मला कुणी ना कुणी पाठवतं, खाली जोडलेले हात. मला तो दिसला तरी शिसारी येते.

मी भूलतज्ज्ञ. अमरावतीत आमच्यातल्या बहुतेकांचं स्वतःचं हॉस्पिटल नसतं. फोन आला की बॅग उचलायची आणि स्कूटीवरून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात. त्या सकाळी मी एका नवजात मुलाला भूल दिली. आतडी पोटाबाहेर घेऊनच तो जन्मला होता. सर्जननं ती एकाच बैठकीत आत बसवली आणि पोट शिवून टाकलं, भरलेल्या बॅगेत साड्या कोंबून चेन ओढावी तसं. हात लावला तर पोट टणक लागलं.

"श्वासाची नळी आज काढू नका," मी म्हटलं. "पोटात दाब वाढलाय, लिव्हरला रक्त पुरेसं पोचत नाहीये. त्यात एवढ्याशा जिवाचं लिव्हर आधीच कच्चं. भुलेत दिलेल्या फेंटानिलचा निचरा तिथंच होतो. ते आता अंगात रेंगाळणार, आणि नळी काढली तर श्वास थांबेल."

"तुमी लय भेता मॅडम," सर्जन हसला. मी बडनेऱ्याला एका सिझेरियनसाठी निघाले.

परतले तर आयसीयूच्या दारात जत्रा. मुलगा झाला की थाळी वाजवायची, हा त्या घरचा रिवाज. जन्मताच ऑपरेशनला नेलेल्या या पोराची थाळी राहून गेली होती, म्हणून आजी घरून काशाची थाळी घेऊन आली होती. पण पोरगं रडल्याबिगर ती वाजवायची कशी? सर्जनला तेवढंच निमित्त हवं होतं. त्याला दवाखान्याच्या जाहिरातीसाठी रडतं बाळ पाहिजे होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! मी पोचेपर्यंत त्यानं फेंटानिलवरचा उतारा टोचून नळी काढली होती, बाळ दारातच आईच्या मांडीवर दिलं होतं आणि मोबाइल समोर धरला होता.

उतारा गुंगी उतरवतो, तसं दुखणं दाबणारं छत्रही काढून घेतो. ताजं चिरलेलं पोट घेऊन ते बाळ जागं झालं आणि किंचाळलं.

"रडला, रडला!" थाळी घणघणली. कुणीतरी माझ्या तोंडाशी पेढा आणला. मी तो हात बाजूला सारला. मी गर्दीतून पुढे घुसले, कारण उतारा लवकर ओसरतो आणि फेंटानिल मागे उरतं. रडणं बारीक होत थांबलं.

"झोपला सोन्या," आजी म्हणाली.

ओठ निळे पडत होते. बाळ हिसकावून आत नेलं आणि मी पुन्हा नळी घातली. बाहेर थाळी चालूच होती.

"व्हिडिओ तर मस्त झाला ना मॅडम," सर्जन म्हणाला. इतकी किळस मला कधी रक्ता-पुवाची आली नव्हती. त्याचा फोन मी नंतर कधी उचलला नाही.

पोरगं जगलं. पुढं भाजीबाजारात त्याची आई भेटली, कडेवर तोच, चांगला गुटगुटीत. व्हिडिओचा विषय तिनंच काढला.

"घरचे सारे पाह्यतात. मी नाई पाहत. त्याले तवा लय दुखून राह्यलं होतं ना?"

"हो," मी म्हटलं.

तिनं त्याच्या पोटावरून हात फिरवला.

"मले तवाच समजलं होतं मॅडम. मी म्हणत बी होती, याले आत न्या म्हणून. पण त्या थाळीत माहं कोन आयकते?"