वंदनाचा मधला चढ

माझ्या बायकोची उंची पाच फूटसुद्धा नव्हती, आणि त्यापायी आमचा एमएस्सीचा अख्खा प्रोजेक्ट बोंबलला होता.

आज वंदनाला जाऊन वर्ष झालं. आजारपणाचं सांगत बसत नाही, तिलाच आवडलं नसतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लग्न लांब, तेव्हा आम्ही फक्त बॉटनीतले पार्टनर. ती गडमुडशिंगीची, मी कोल्हापुरातला. विषय होता, राधानगरीच्या डोंगरावर उंचीप्रमाणे जंगल कसं बदलतं.

पायथ्याला ऐन, किंजळ. बघताना मान मोडेल एवढी उंच.

माथ्यावर कातळ, जेमतेम माती आणि ढकलणारा वारा. तिथं अंजन, जांभूळ पार बुटकी, वाकडी, शेवाळलेली.

खालचा भाग माझा, वरचा तिचा.

झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजायचा असतो. दोघांनीही इमानदारीनं मोजला.

सर आकडे बघून चक्रावले. "वरची झाडं एवढी जाड कशी? छाती कुणाची धरली?"

"आपापली, सर."

मी सहा फुटी. तिचा टेप बुंध्यावर केवढा तरी खाली, आणि बुंधा खाली जाडच असतो. सरांनी कपाळावर हात मारला. एकच उंची ठरवून दिली, म्हणाले, दोघं मिळून सगळं परत मोजा.

मी रडकुंडीला आलो. ही जिना उतरताना गालात हसत होती.

"बरं झालं की. परत जायाला मिळंल."

त्या दुसऱ्या फेरीत मी तिच्या प्रेमात पडलो. लपवण्यासारखं काय आहे त्यात.

सगळ्यात जास्त जाती मधल्या चढावर. खालची झाडं तिथं, वरचीही तिथं, शिवाय वेली, नेचे, ऑर्किड. वंदना प्रत्येकापाशी थांबायची.

"चल की, एसटी चुकंल."

"चुकू दे. माथा काय पळून चाललाय व्हय?"

लग्नानंतरही आम्ही दरवर्षी जायचो. माथ्यावर पोचेपर्यंत दुपार टळायचीच. मी दरवर्षी कुरकुरायचो, ती दरवर्षी नवीन काहीतरी दाखवायची.

आज एकटाच गेलो. मधल्या चढावर "हे बघ की" म्हणून कुणी हाक मारली नाही. मीही थांबलो नाही.

ऊन चढायच्या आत माथ्यावर होतो.

एवढ्या लवकर पोचून करायचं काय, तेच कळेना. बसून राहिलो.

वंदना, फार आठवण येते गं.

जय भीम.