सिस्टरचं व्हिएतनाम

“किती क्विंटल झाले?”

कुठलीही किंमत कानावर पडली की आमच्या सिस्टरचा हा प्रश्न ठरलेला. समोरचा रुपयांत सांगायचा. सिस्टर डोळे बारीक करून क्षणभर छताकडे पाहायच्या आणि तोच आकडा सोयाबीनमध्ये सांगायच्या. “बँकॉकचं विमान पाच क्विंटल. येऊन-जाऊन. परवडते.”

हसू नका. मी हसले होते, आणि मला त्यांनी फार सुनावलं होतं.

केनवडच्या बाजूला एका आरोग्य केंद्रात मी औषधांच्या खिडकीमागे बसते. सिस्टर माझ्या कितीतरी आधीपासून तिथे. लग्न केलं नव्हतं. खांद्याला लसींचा डबा अडकवून वाड्या-वस्त्या हिंडण्यात त्यांची सारी नोकरी गेली. घरात धाकटा भाऊ, भावजय आणि भाचे. पगार घराचा, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलेलं. भाच्यांचं शिक्षण त्या पगारातूनच झालं. पण मधेच केव्हातरी त्यांनी स्वतःच्या नावावर तीन एकर घेतले होते. त्यातलं सोयाबीन मात्र त्यांचं एकटीचं. ते विकायच्या नाहीत. पोती भरून आपल्या खोलीत थप्पी लावायच्या. खाटेपाशी जायला जेमतेम वाट उरली होती.

“कायले साठवता हो सिस्टर? उंदराइले?” मी एकदा विचारलं.

“व्हिएतनाम हाय ते,” त्या म्हणाल्या. “हात नोको लावू.”

मोबाईलवर त्या पाठीला सॅक लावून देशोदेशी फिरणाऱ्या पोरापोरींचे व्हिडिओ पाहायच्या. रिटायर झाल्यावर तसंच जायचं, एकटीनं. नेपाळ, थायलंड, लाओस, व्हिएतनाम. टूरवाल्याबरोबर नाही. “त्याइचा झेंडा पाह्यत मांगं मांगं कोण फिरीन? शाळेची सहल हाय काय?”

लसीकरणाच्या एका जुन्या पोस्टरच्या मागे त्यांचा खर्च लिहिलेला होता आणि ते पोस्टर माझ्याच खिडकीशेजारी, भिंतीकडे तोंड करून टांगलेलं. देशाला एक ओळ. व्हिसा, बस, खाट, जेवण, सगळं क्विंटलमध्ये. स्वस्त हॉस्टेलात एका खोलीत दहा-बारा खाटा असतात, हे त्यांना फार आवडलं होतं. “आपल्या वॉर्डासारखंच की. खाट त्याइची, पांघरूण आपलं.” रात्रीच्या बसनं गेलं की खाटेचे पैसे वाचतात, म्हणून रात्रीचे प्रवास लाल पेन्सिलीनं वेगळे दाखवलेले. गंमत अशी, की हा सगळा संसार बाजारभावावर उभा. शेलूबाजारला माल विकून आलेला पेशंट दिसला की सिस्टर आधी भाव विचारायच्या, मग ताप. भाव चढला की चेहरा खुलायचा. पडला की शेवटची ओळ खोडायच्या. व्हिएतनाम किती वेळा खोडलं आणि किती वेळा परत लिहिलं, तो कागद तिथे फाटायला आला होता.

“एफडी करा ना सरळ,” मी म्हणायची.

“एफडीकडे पाहून कई कोणाले झोप लागली काय?”

रिटायर व्हायला थोडे दिवस उरले तेव्हा ही गोष्ट घरी कळली. भावानं आधी ‘बुढी सटकली’ म्हणून पाहिलं. मग नेपाळचं नाव ऐकून तो एकदम गंभीर झाला. सिस्टरनंच दुसऱ्या दिवशी येऊन मला सगळं सांगितलं. जेवणाचा डबासुद्धा उघडला नव्हता, इतक्या चिडल्या होत्या.

“मावंदं कराव लागते म्हणे!”

आमच्याकडे काशीला, चारधामला जाऊन आलेलं माणूस परत आल्यावर गावाला जेवण देतं, ते मावंदं. नेपाळात पशुपतिनाथ. म्हणजे ही यात्रा झाली. म्हणजे गावजेवण आलं, आणि गाव म्हणजे काय चार घरं नव्हेत. रोडगे, वरण, वांग्याची भाजी, मंडप, आचारी, शिवाय पाहुणे, त्यांचे आहेर. सिस्टरनं पोस्टरवर नवीन ओळ टाकली आणि हिशेब केला. मावंदं थायलंड, लाओस आणि व्हिएतनाम मिळून होत होतं तेवढ्याचं.

“मी देवाले जाऊन नाही राह्यली, फिराले जाऊन राह्यली,” असं त्यांनी भावाला सांगून पाहिलं. भाऊ म्हणाला, “ताई, देव वाटंत हाय ना? मंग तू पाया पडशीनच. पाया पडली का झाली यात्रा. लोकं मले इचारतीन, बहिणीनं यात्रा केली अन् तू पानी तरी पाजलं काय?” तोही वाईट माणूस नव्हता हो. त्याला गावात राहायचं होतं.

सिस्टरनं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी लाल पेन्सिलीनं नेपाळ खोडलं.

“देवच काढून टाकला. आता बोल म्हणा.”

मी इतकी हसले, की खिडकीबाहेरचे पेशंट आत डोकावायला लागले. सिस्टर मात्र हसल्या नाहीत. स्टुलावर बसल्या आणि पहिल्यांदाच हळू बोलल्या. “पोरी, जलमभर ज्या गावाले गेली तिथं कोणाचं ना कोणाचं काम होतं. कोणाचं बाळंतपण, कोणाची सुई. एकडाव मले अशा गावात जायचं हाय, जिथं मले कोणी ओयखत नाही अन् माह्याकडून कोणाले काही पायजे नाही. तेही नाही काय मिळणार?”

“बाई, जा तुम्ही,” मी म्हणाले.

रिटायर झाल्या आणि पोती विकून त्या निघाल्या. भाव पडलेलाच होता, म्हणून थायलंड आणि लाओस एवढंच. पाच पोती मागे ठेवली, आजारीबिजारी पडलं तर. किल्ली भावाकडे. भावानं नेपाळ खोडल्याचं मनावर घेतलंच नाही. त्यांच्या येण्याची तारीख धरून त्यानं मावंद्याची आमंत्रणं देऊन टाकली. “परदेश म्हणजे काशीच्याही पल्याड,” असं तो पारावर सांगत होता. खर्चाला त्या पाच पोत्यांचा हातभार लागेल, असा त्याचा अंदाज होता.

आणि मावंद्याला आठवडा राहिला असताना सिस्टरचा भावाला फोन आला. मी तेव्हा त्यांच्याच घरी होते, भावजयीची बीपीची गोळी द्यायला गेले होते. लाओसमधून बस सीमेपलीकडे व्हिएतनामला जाते म्हणाल्या. व्हिसा काढला आहे. तिकीट पुढं ढकललं आहे. खोलीतली पोती विक आणि पैसे खात्यात टाक.

भावानं फोन स्पीकरवर टाकला होता. मंडपवाल्याला ॲडव्हान्स गेलेला, आचारी ठरलेला. मला वाटलं, आता फुटतो बाँब. सिस्टर पलीकडून “हॅलो, हॅलो” करत होत्या.

“ताई,” शेवटी तो म्हणाला, “गोळ्या हायेत ना सोबत?”

दुसऱ्या दिवशी त्यानं पोती वाशीमला नेऊन विकली आणि सगळे पैसे त्यांच्या खात्यात टाकले. मावंदं स्वतःच्या पैशानं केलं. तारीख बदलली नाही.

अख्खं गाव जेवायला आलं आणि यात्रा करून आलेलं माणूसच नाही! बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. पण पंगत खोळंबली, कारण रीत अशी की यात्रेकरूनं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी पानाला हात लावत नाही. भावानं पहिल्या पाटाभोवती रांगोळी काढायला लावली होती. पत्रावळ वाढली होती. पाटावर कुणी नाही. म्हातारी माणसं कुजबुजायला लागली.

भाऊ जाऊन त्या पाटासमोर उकिडवा बसला. व्हिडिओ कॉल लावला आणि फोन तांब्याला टेकवून ठेवला.

व्हिएतनाममध्ये सिस्टर कुठल्याशा फुटपाथवर, लहान मुलांच्या असतात तसल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या. समोर वाडगा, त्यात वाफाळतं काहीतरी. मागून स्कूटर जात होत्या. केस विस्कटलेले, तोंड उन्हानं रापलेलं. इतक्या वर्षांत इतकं रिकामं बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“काय झालं रे?” त्या घाबरून म्हणाल्या. “कोण आजारी हाय?”

“कोणी नाही. तू घास घे. लोकं थांबले.”

त्यांना कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी फोनमधून लांबपर्यंत बसलेली पंगत पाहिली. दोन काड्यांनी शेवयांसारखं काहीतरी उचललं, ते दोनदा निसटलं, शेवटी वाडगाच तोंडाला लावला.

“घेतला?” भावानं विचारलं.

त्यांनी मान हलवली.

भाऊ उठला, पाठ फिरवून वाढणाऱ्यांवर “वरण आणा रे!” म्हणून ओरडला. पंगतीनं ऐकलं, आणि सगळे जेवायला लागले.