दोन केबिन, दोन दारं

मंडळी, आज दुपारी जव्हारला घरी बसून क्रूझचं बुकिंग करत होतो आणि गाडी भलत्याच ठिकाणी अडली.

मी, धाकटा भाऊ, आमच्या बायका, तीन मुलं आणि आई, असे आठजण जाणार. एका केबिनमध्ये चारच जणांची सोय. मधून दार असलेल्या जोडकेबिन संपल्या होत्या. एजंट फोनवर म्हणाला, "समोरासमोरच्या दोन देतो."

आम्ही लगेच वाटणी केली. आई मुलांबरोबर, आम्ही चौघं समोर.

आईनं विचारलं, "मंग तुमच्या दाराशी कोन निजंल?"

गावी, साखरशेतच्या घरी आम्ही सगळे अजूनही एकाच खोलीत ओळीनं झोपतो. दाराशी घरातलं थोरलं माणूस. बाबा गेल्यापासून तिथं आई असते.

भाऊ हसला. "आई, बोटीत कुठला चोर येतोय?"

"चोरासाठी नाय रं. कोन उठून बाहेर गेला, ते दाराशी निजनाऱ्याला कळतं. तुझा बाप सोताच दाराशी निजायचा. तो उठून गेला, ते कुनाला कळलं?"

गेल्या वर्षी एका पहाटे बाबा आम्हाला अंगणात पडलेले सापडले होते.

फोनवर एजंट हॅलो हॅलो करत राहिला. भाऊ म्हणाला, "आमच्या केबिनमध्ये दाराजवळचा बेड दादाचा."

आईनं मान हलवली. बुकिंग झालं.

मला झोप फार गाढ लागते. आज पहिल्यांदाच त्याची भीती वाटतेय.

तुमच्या घरी दाराशी कोण झोपतं?