तात्यांना ‘हुकलेले’ म्हणणाऱ्यांनो

तात्यांची आणि माझी ओळख पणदऱ्याजवळच्या वळणावर झाली. पंक्चर झालेली उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी होती. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. अंधारून आलं होतं आणि एमआयडीसीची पाळी नुकतीच सुटली होती. तात्या ट्रॉलीमागे उभे राहून बॅटरी हलवत मोटारसायकली थांबवत होते. ते नसते, तर मी सरळ उसात घुसलो असतो. बांधावर तंबाखू मळत बसलेला ड्रायव्हर म्हणाला, "जावा तुमी. हुकलंय म्हातारं. ट्रॉली दिसली की हितं येऊन हुबं ऱ्हातं."

आपल्याकडे हा शब्द फार जपून वापरतात. बिनदिव्याची ट्रॉली डांबरावर सोडून जेवायला जाणाऱ्याला कुणी हुकलेला म्हणत नाही. दोन ट्रॉल्या जोडून, गाणी लावून गावातून ट्रॅक्टर पळवणारा तर वाघ ठरतो. हुकलेले फक्त तात्या, कारण ते जाब विचारतात. माणसाला वेडा ठरवलं की त्याला उत्तर द्यावं लागत नाही. या शब्दाचा एवढाच उपयोग आहे.

पुढे त्याच ड्रायव्हरच्या ट्रॉलीवर एक कामगार आदळला. जमाव ड्रायव्हरला मारायला धावला, तेव्हा आडवे आले ते तात्याच. "ह्येला काय मारताय? बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर घेत्यात, त्यास्नी इचारा."

साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत तात्या दरवर्षी हाच ठराव आणतात: रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली काट्यावर घ्यायची नाही. ते माईकपाशी पोचेपर्यंत पुढच्या रांगा बाकीच्या विषयांना "मंजूर, मंजूर" ओरडतात, राष्ट्रगीत लागतं, सभा संपते. गेल्या सभेत कुणीतरी टोमणा मारला, "तात्या, घरी जावा. सून वाट बघती." तात्या म्हणाले, "बघती की. तिच्या भावाचा पाय ट्रॉलीखाली गेलाय. ती ह्या ठरावाची वाट बघती."

त्याच पुढच्या रांगा आज तात्यांच्या पंचाहत्तरीच्या सत्कार समितीत आहेत. शाल घालायला यांचे हात लगेच वर होतात. ठरावाला होत नाहीत. मंडळी, यंदा तो ठराव आधी वाचू द्या, मगच मंजूर म्हणा. नाहीतर ती शाल घडी घालून परत न्या.

तात्या, तुम्ही शंभरी पार करावी, गुडघे असेच खणखणीत राहावेत. आणि लवकरच अशी एक संध्याकाळ यावी, की त्या वळणावर तुमचं काही कामच उरलेलं नसावं.