खुर्चीचा सल्ला

कूलंटचा वास आंबूस असतो. तापलेल्या लोखंडावर दुधासारखं पांढरं पाणी पडून उठणाऱ्या वाफेचा. अंबरनाथच्या आमच्या चाळीत वडील कारखान्यातून परतले की त्यांच्याआधी तो दारातून आत येई. नळाशी ठेवलेल्या डब्यातला लाकडाचा भुसा घेऊन ते कोपरापर्यंत हात घासत, तरीही त्यांनी चाळलेल्या माझ्या वहीच्या पानांवर तो उरत असे. मैत्रिणी येणार असल्या की मी खिडक्या उघडून ठेवी. वडिलांच्या ते लक्षात आलं नसेल, असं मी आजवर स्वतःला सांगत आले आहे.

पुढे मी कविता शिकले, इंग्रजी शिकले आणि बदलापूरच्या एका ऑफिसात सुपरवायझर झाले. परदेशातले डॉक्टर आपल्या रुग्णांविषयी जे बोलून ठेवत, ते आमच्या मुली हेडफोन लावून टाइप करत. चाळीच्या गुणगौरव समारंभात दर वर्षी मला मार्गदर्शनासाठी बोलावणं येई. "हात काळे न करता जग तुमच्या दारात आलंय," असं मी सांगे, आणि टाळ्या पडत.

अशाच एका समारंभानंतर शेजारची मुलगी आईवडिलांना घेऊन घरी आली. आयटीआयमधून टर्नरचा, म्हणजे लेथ मशीनवर लोखंड कातायचा, कोर्स केलेली. हातात कारखान्याचं अप्रेंटिसचं पत्र.

"मावशी, मला लेथ आवडतो," ती म्हणाली. "टूल बोथट झालं की आवाज बदलतो. सरांच्या आधी मला कळतं."

"हिला खुर्चीवर बसवा हो ताई," तिची आई म्हणाली. "बघायला येणारे आधी हातच बघतात."

"एसीत सर्दी व्हायची तिला," तिचे वडील हसले. ते स्वतः फिटर.

मी मुलीच्या नखांच्या काळ्या कडांकडे पाहिलं. "हा वास जन्मभर जात नाही गं," म्हणाले. तिच्या वडिलांचं हसू थांबलं. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली सरकवले. मुलीने पत्राची घडी घातली.

ती आमच्या ऑफिसात कामाला आली. टूलची धार ओळखणारा तो कान दूरदेशीच्या डॉक्टरांचे पुटपुटलेले शब्द अचूक टिपू लागला. माझं कौतुक झालं.

तीन वर्षांनी मला कामाची एकेक पायरी लिहून काढायला सांगितलं. मग दुपारी कॉम्प्युटरच्या पडद्यावर तिसऱ्याच देशातल्या मुली दिसू लागल्या. आमच्याहून कमी पगारात काम करणाऱ्या त्या मुली माझ्याकडून सगळं शिकून घेत होत्या. आमचं काम त्यांच्याकडे निघालं होतं. ऑफिसात ते मला एकटीला ठाऊक होतं.

त्याच आठवड्यात ती माझ्या टेबलाशी आली. "मावशी, एमआयडीसीतला एक वर्कशॉपवाला मला सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या लेथवर, शिकायला घेतोय. सोमवारपर्यंत सांग म्हणाला. जाऊ?"

त्या मुलींना शिकवायला मला तिचंच नमुन्याचं काम हवं होतं, आणि शिकवणी नीट पार पडली तर माझी खुर्ची राहणार होती.

"थांब," मी म्हणाले. "इथेच भविष्य आहे."

ती थांबली. चार महिन्यांनी सगळ्या मुलींना एकाच दुपारी घरी पाठवलं. तिकडून येणारं काम तपासायला मला ठेवलं. निघताना ती म्हणाली, "मावशी, तुम्ही तरी राहिलात, बरं झालं." मी मान हलवली. माफी मागायला शब्द नव्हते, असं नाही. शब्द तर माझ्याकडे भरपूर होते.

गेल्या महिन्यात अंबरनाथला शेअर रिक्षात बसले आणि शेजारून तोच आंबूस वास आला. वळून पाहिलं तर ती होती, आता तिशीला टेकलेली. तिच्या बाहीवर तेलाचा डाग होता. मला इतका आनंद झाला, की त्याचीच आधी लाज वाटायला हवी होती.

"लेथवर आहेस?" मी विचारलं.

तिने बोटांना चिकटलेला खोक्याच्या टेपचा तुकडा सोलून काढला. लेथवर दुसऱ्यांनी घडवलेल्या भागांचं तेल आणि कूलंट त्या बोटांवर होतं.

"पॅकिंग."