ताला मॅडम

ताई खुर्चीवर कधी पूर्ण बसल्याच नाहीत. कडेला टेकायचं, दोन ओळी टाइप करायच्या, उठून खिडकीशी जायचं, पुन्हा यायचं. चहासुद्धा उभ्यानेच. शाहपुऱ्यातली आमची कंपनी रुग्णालयांचे कॉम्प्युटर सांभाळायची, आणि अ‍ॅडमिनचं खातं कोणाच्या हाती द्यायचं ते ताई ठरवायच्या. त्या खात्यातून कुठल्याही रुग्णाची माहिती उघडता येई, पुसताही येई. ऑफिस त्यांना ‘ताला मॅडम’ म्हणे, म्हणजे कुलूपवाल्या बाई. त्या हिंदी ऑफिसात मराठी आम्ही दोघीच, म्हणून माझ्या त्या ताई.

कोणी त्या खात्याचा हक्क मागायला आलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, “काम क्या है, और वापस कब करोगे?” काम संपलं की हक्क काढून घेतलाच. एकदा मी चिडले, “ताई, माझ्यावरही विश्वास नाही?”

“तुझ्यावर आहे गं. तुझा पासवर्ड चोरणाऱ्यावर नाही.” आणि पुन्हा खिडकीशी.

संचालक साहेबांशी बिनसलं ते एका ठेकेदाराच्या खात्यावरून. तो काम सोडून गेला होता, खातं मात्र चालूच. “रहने दीजिए मॅडम, कभी भी बुलाना पड़ता है,” साहेब म्हणायचे. ताईंनी कितीदा तरी विचारलं, उत्तर तेच. शेवटी ते खातं कोणी उघडलं तर आपल्या मोबाइलवर कळेल, अशी सोय त्यांनी करून घेतली.

एका दुपारी आम्ही जवाहर चौकात पडद्याचं कापड बघत होतो आणि मोबाइल वाजला. ताईंनी कापड तसंच टाकलं. रिक्षातून ठेकेदाराला फोन केला, तर तो इंदूरला लग्नात जेवत बसलेला. म्हणजे त्याच्या नावाने दुसराच कोणी आत शिरला होता. त्यांनी साहेबांना फोन लावला.

“सर, सब सर्व्हर बंद करवा रही हूँ.”

“पागल हो गई हैं? अस्पतालों में पर्चे कैसे बनेंगे?”

“हाथ से,” म्हणून ताईंनी फोन ठेवला आणि लगेच ऑफिसला सांगितलं, “बंद करो. मेरे नाम पे.”

आत शिरलेल्याने थोड्या फायली पुसल्या होत्या, बाकी सगळं वाचलं. पण संध्याकाळी ताई तुलसी नगरला घरी न जाता मला घेऊन एका रुग्णालयात गेल्या. रांग बाहेर पायऱ्यांवर आली होती. एक आजोबा खेकसले, “किस बेवकूफ ने मशीन बंद की?”

“मैंने, दादा,” ताई म्हणाल्या, आणि नोंदणीच्या खिडकीत उभ्या राहून रांग संपेपर्यंत हाताने पर्चे, म्हणजे रुग्णांचे केसपेपर, लिहीत राहिल्या.

आपल्याला न विचारता ताईंनी सर्व्हर बंद केले, हे साहेबांनी काही माफ केलं नाही. ताईंना काम नसलेल्या टेबलावर बसवलं. त्यांनी राजीनामा दिला. नागपूरला माहेरी जाणार होत्या.

शेवटच्या दिवशी त्यांनी मला बोलावलं; खात्यांचं काम आता माझ्याकडे आलं होतं. “माझं खातं काढ.”

“उद्या काढते ना, ताई.”

“मी समोर असताना काढ.”

मी बटण दाबलं. त्यांनी आपला पासवर्ड टाकून पाहिला. चालला नाही. हात क्षणभर कीबोर्डवरच राहिला. “ठीक,” म्हणाल्या आणि पर्स उचलून निघाल्या.

काचेच्या दाराशी त्यांनी कार्ड लावलं. दार उघडेना; कार्डही त्याच खात्यावर चालायचं. मी धावत गेले आणि माझ्या कार्डाने त्यांना बाहेर सोडलं.